हातपाय बारीक आणि पोट पुढे

प्रश्न गोव्यातल्या डिचोलीहून आला आहे. विचारणारे गृहस्थ ४४ वर्षांचे, काम बसून करायचे. ते लिहितात: उंची १६८ सेंटीमीटर, वजन ६९ किलो, हातपाय पूर्वीसारखेच बारीक, पँट अजून ३४ चीच, पण दोन-तीन वर्षांत पोट पुढे आले. हाताला कडक लागते, म्हणून ती चरबी नसून गॅस असावा असे त्यांना वाटते. सोनोग्राफीत ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ निघाले तेव्हा ‘आजकाल सगळ्यांनाच असते’ असे सांगून त्यांना घरी पाठवले. रात्री दोन पेग, सकाळी पन्नास सिट-अप्स, पोट आहे तिथेच. घरचे म्हणतात, सुख लागले. शेवटी सोळा वर्षांच्या मुलाबद्दल एक ओळ आहे, तिच्याकडे मीही शेवटी येतो.

भाऊ, आधी पँटचे बघू. पोट वाढले की आपण पुरुष पट्टा वर बांधत नाही, खाली सरकवतो. तो पोटाखाली, कमरेच्या हाडाशी येऊन बसतो आणि तिथे तर चरबी फारशी चढतच नाही. त्यामुळे ३४ ची पँट वर्षानुवर्षे होत राहते आणि पोट पट्ट्यावरून बाहेर येते. पँटच्या नंबरावर विसंबून ‘आपले काही वाढले नाही’ म्हणणारे किती तरी पेशंट मी रोज बघतो.

शर्ट काढून उभे राहा. शेवटची बरगडी बोटाने चाचपा, मग कमरेच्या हाडाचा वरचा काठ. दोहोंच्या मधोमध शिंप्याची टेप सगळीकडून सारख्या उंचीवर धरा, नेहमीसारखा श्वास सोडा, पोट आत ओढू नका आणि आकडा वाचा. आपल्याकडच्या पुरुषाला ९० सेंटीमीटर ही सीमा आहे, बाईला ८०. टेप नसेल तर सुतळी घ्या. टाचेपासून टाळूपर्यंत तुमच्या उंचीइतकी कापा, मधोमध दुमडा आणि ती दुपदरी सुतळी त्याच जागी पोटाभोवती फिरवा. टोके जुळली तर ठीक, न जुळली तर जेवढी फट राहते तेवढे पोट जास्त. तुमच्या उंचीला ती अर्धी सुतळी ८४ सेंटीमीटरची होईल. माझ्या टेबलाच्या खणात सुतळीचे बंडल कायम असते. मागे पेडण्याचे एक शिक्षक आले होते, त्यांच्या बेंबीजवळ दोन टोकांमध्ये चार बोटांची फट राहिली. त्याआधी मी त्यांना वर्षभर रिपोर्ट वाचून दाखवत होतो, त्यांना तो विषय पटला तो ती फट स्वतःच्या बोटांनी मोजल्यावर.

आता वजनाचे. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, २४.४ येतो. २५ च्या आत सगळे ठीक, हा जुना हिशेब गोऱ्या लोकांच्या शरीरावर बेतलेला आहे. भारतीयांसाठी २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, आणि त्याला कारण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा एक फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. पण मोजल्यावर युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के निघाली. काटा दोघांना एकच आकडा सांगत होता. आपल्या लोकांत स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, तीही हातापायांपेक्षा पोटात. याज्ञिकांच्या पुण्यातल्या कामातून दिसले की ही ठेवण जन्मापासूनची असते: आपली बाळे वजनाने हलकी, पण चरबी राखून असलेली.

हे गोव्याच्या संदर्भात मी जरा जोर देऊन सांगतो. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. मधुमेह देशात ११.४ टक्के आणि गोव्यात २६.४ टक्के, सगळ्या राज्यांत सर्वाधिक. म्हणजे प्रौढ माणसांत साधारण चौघांमागे एक. त्याच पाहणीत देशात पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के लोकांत आढळला आणि अंगभरचा लठ्ठपणा २८.६ टक्क्यांत. या दोन आकड्यांमधल्या तफावतीत तुमच्यासारखीच माणसे आहेत, वजन बेताचे आणि पोट पुढे. आपल्या वडिलांच्या पिढीने कुळागरात पाट काढले, माडावर चढले, शेतात चिखल तुडवला. आपण तेच शीत-कडीचे ताट घेऊन खुर्चीत बसलो, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातही स्कूटरने जाऊ लागलो.

आता कडक पोटाबद्दल, कारण तुमच्या प्रश्नाचे मर्म तिथे आहे. पोटात चरबी दोन ठिकाणी साठते. एक कातडीखाली, ती मऊ असते आणि चिमटीत येते. दुसरी पोटाच्या स्नायूंच्या आत, आतड्यांच्या अवतीभवती. जठरापासून आतड्यांवर पडद्यासारखा एक पदर लोंबतो, त्याला वपा म्हणतात. एरवी तो पातळ असतो, तुमच्यासारख्या पोटात तो जाड गोधडीसारखा होतो. आतून तो स्नायूंना पुढे रेटतो आणि स्नायू ढोलक्याच्या चामड्यासारखे ताणतात. हाताला लागते ते हेच ताणलेले स्नायू. चिमटीत काही येत नाही म्हणून माणूस समजतो, चरबी नाही. खरे तर चिमटीत न येणारी चरबीच जास्त घातक.

गॅसने फुगलेले पोट दिवसभरात कमी-जास्त होते, सकाळी उठल्यावर सपाट असते. दोन वर्षे सकाळ-संध्याकाळ सारखेच दिसणारे पोट गॅसचे नव्हे.

या आतल्या चरबीतून आम्लाच्या रूपाने चरबी सारखी रक्तात सुटत असते, आणि तिथले रक्त आधी जाते ते यकृतात. यकृत ती साठवू लागते. सोनोग्राफीतले ग्रेड वन म्हणजे या साठ्याची पहिली पायरी. चरबीने भरलेले यकृत इन्सुलिनचे ऐकेनासे होते. रात्री आपण झोपलेले असताना यकृताने साखर बाहेर सोडणे आवरते घ्यायचे असते, ते आवरत नाही. म्हणून पेशंट मला कळवळून विचारतात, ‘रात्रभर काही खाल्ले नाही, मग सकाळची साखर जास्त कशी?’ ती साखर ताटातली नसते, यकृताने स्वतः तयार करून सोडलेली असते. तेच यकृत रक्तात ट्रायग्लिसराइड्स नावाची चरबी ओतत राहते, चांगले कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, खाली येते, रक्तदाब चढतो, आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर थर बसू लागतो. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात, २००४-०५ साली, हृदयविकाराच्या झटक्याशी बीएमआयपेक्षा कंबर आणि नितंब यांच्या मापाचे नाते अधिक घट्ट निघाले.

एकदा खाणपट्ट्यातले एक ट्रकमालक पहाटे आले. ५२ वर्षांचे, वजन ६६. ‘मी जाडा नाही’ हे त्यांचे वाक्य मला आधीपासून ठाऊक होते. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्यावर ट्रक अंगणात उभा राहिला आणि ते सोप्यात बसले. आदल्या रात्री छातीखाली, पोटाच्या वरच्या बाजूला जड वाटत होते. गॅस म्हणून सोडा प्यायले, येरझारा घातल्या, पाच तास काढले. ईसीजीत झटका स्पष्ट दिसत होता. जीव वाचला, पण हृदयाचा बराच स्नायू त्या पाच तासांत गेला, आज जिना चढताना ते मध्ये थांबतात. पोट पुढे असलेल्या माणसाला पोटाच्या वरच्या भागात, छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दडपण आले, घाम फुटला, तर सोडा नको. १०८ ला फोन करा.

‘सगळ्यांनाच असते’ हे खरे आहे, आणि म्हणूनच ते सोडून द्यायचे नसते. मीही कित्येक वर्षे रिपोर्टवर नजर टाकून ‘तेलकट कमी करा’ एवढेच म्हणत होतो. त्यातले काही पेशंट पुढे मधुमेह घेऊन आले, दोघे-तिघे यकृत घट्ट होऊन आले. आता मी फॅटी लिव्हर वाचले की त्याच दिवशी सुतळी काढतो.

तुम्ही हे करून घ्या: उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी (मागच्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), लिपिड (रक्तातली चरबी), एसजीपीटी-एसजीओटी (यकृताची तपासणी), प्लेटलेट्स, आणि दोन वेगवेगळ्या दिवशी रक्तदाब. साखर १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, साखर १२६ किंवा एचबीए१सी ६.५ पासून मधुमेह. ट्रायग्लिसराइड्स १५० च्या आत आणि एचडीएल ४० च्या वर हवे. एसजीपीटी, एसजीओटी, प्लेटलेट्स आणि वय यांवरून यकृतात घट्टपणा येतो आहे का याचा अंदाज तुमचा डॉक्टर काढेल, शंका आली तर फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा घट्टपणा मोजणारी तपासणी, सांगेल. आणि घरात विचारा, तुम्ही घोरता का, घोरताना श्वास मध्येच अडकतो का. हे बायकोला ठाऊक असते, आपल्याला नाही. तसे असेल तर झोपेची तपासणी करावी लागते. एक गोष्ट पुरुष सहसा बोलत नाहीत. पोटाच्या चरबीत टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेन होते, इच्छा कमी होते. शिवाय लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, त्या आधी अडतात. ताठरता कमी झाल्याचे लक्षण हृदयविकाराच्या दोन-तीन वर्षे आधी दिसू शकते. लाज धरून दुकानातून गोळी घेऊ नका, डॉक्टरांना सांगा.

आता संध्याकाळ. माझ्या मते तुमचे पोट रात्री आठ ते अकरा या तीन तासांत वाढले आहे. ४२-४३ टक्क्यांची दारू, साठचा पेग, त्यात नुसत्या अल्कोहोलच्याच साधारण १४० कॅलरी. दोन झाले २८०. महिन्याचा हिशेब साधारण किलोभर चरबीइतका होतो, सोबतचे गोड कोल्ड्रिंक, चोणे, शेव, चिली चिकन वेगळे. पण कॅलरीपेक्षा वाईट गोष्ट अशी की दारू शरीराला साठवता येत नाही. यकृत हातातले सगळे काम टाकून आधी तिचा निकाल लावते. तोपर्यंत चरबी जाळण्याचे काम बंद. त्याच वेळी तुम्ही तळलेले खाता, मग साडेदहाला भाताचे ताट, आणि अर्ध्या तासात अंथरूण. यकृताला दुसरे काय करता येईल? ते साठवते.

‘घरची फेणी शुद्ध असते’ असे मला दर आठवड्याला कुणी तरी सांगते. काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिचा मलाही अभिमान आहे. पण यकृताला फेणी, व्हिस्की आणि बिअर यांतला फरक कळत नाही. ६५० मिलीच्या बिअरच्या बाटलीत अडीचशेच्या वर कॅलरी असतात. उर्राक म्हणजे काजूच्या रसाची पहिली, हलकी दारू; तिच्या दिवसांत, मार्च ते मे, लोक लिंबाच्या गोड सोड्यात उर्राक ओतून सरबतासारखी पितात. त्या एका ग्लासात दारूसोबत पाच-सहा चमचे साखरही जाते.

तुम्हाला जमेल का, याची मला शंका नाही. श्रावणात आपल्याकडचे किती जण मासे आणि दारू दोन्ही सोडतात! शिरगावच्या लईराई देवीचे धोंड, म्हणजे व्रत घेतलेले भक्त, व्रताच्या दिवसांत थेंबाला शिवत नाहीत. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, तोंडावर तपासायला आलेल्यांची ट्रायग्लिसराइड्स मी उतरलेली पाहिली आहेत, गोळी न घेता. श्रावणात तुमच्या यकृताला जे मिळते ते त्याला आणखी पाच महिने द्या, एवढेच मी मागतो. तुमच्या यकृतात आधीच चरबी आहे, म्हणून तुमच्यासाठी माझे उत्तर ‘कमी प्या’ नाही, ‘बंद करा’ असे आहे. फक्त एक सावधगिरी: जो सकाळपासून पितो, न प्यायल्यास ज्याचे हात थरथरतात, त्याने एका झटक्यात घरी सोडू नये, फिट येऊ शकते. त्याला डॉक्टरच्या देखरेखीत सोडवावे लागते.

जेवण साडेआठच्या आत घ्या आणि नंतर पंधरा मिनिटे शतपावली घाला. जेवणानंतरची साखर त्या पंधरा मिनिटांत स्नायूंत खेचली जाते, आजीचे सांगणे अगदी शास्त्रशुद्ध होते. भात उकडा असेल तर उत्तमच, पण उकड्याचाही ढीग हा ढीगच: तीन डाव घेत असाल तर दीड घ्या आणि ती जागा भाजीने, मोडाच्या मुगागाठीने, अळसांद्याच्या (चवळीच्या) तोणाकाने भरा. बांगडा, तारली हुमणात (कालवणात) किंवा भाजून खा, रव्यात तळून रोज नको. सकाळच्या पातळ भाजीसोबतचे दोन पाव आणि मिरची भजी आठवड्यातून एकदा. पोई चांगली, पण आता पुष्कळ ठिकाणी ती मैद्याचीच असून वरून कोंडा लावलेला असतो, फोडून आतला रंग बघा. नारळाला मात्र लोक उगाच एकट्याला दोष देतात. तुमचे एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, जास्त निघाले तर नारळाचे वाटप कमी करू, एरवी पोटाला कारण आमटीतला नारळ नाही.

सिट-अप्सनी स्नायू बळकट होतात, त्यांच्या आतली चरबी हलत नाही. शरीर चरबी कुठून काढायची हे व्यायामाच्या जागेवरून ठरवत नाही. घाम फुटेल आणि बोलताना धाप लागेल अशा चालीने आठवड्याला १५० मिनिटे चाला, मये तळ्याकाठी चाला किंवा घरामागच्या वाटेने. आठवड्यातून दोन-तीन दिवस मांड्या, पाठ आणि खांदे यांना काम द्या, कारण साखर जिरवणारे सर्वांत मोठे कोठार मांड्यांचे आहे आणि तिशीनंतर ते रिकामे होत जाते. खुर्चीवरून हात न लावता पंधरा वेळा उठणे-बसणे, असे तीन फेरे. पाच लिटरचे दोन पाण्याचे कॅन उचला. जून ते सप्टेंबर आपल्या पावसात चालणे तुटते आणि ऑक्टोबरात पोट पुन्हा पहिल्यासारखे दिसते, त्या चार महिन्यांत व्हरांडा आणि जिना सोडू नका.

आशेची गोष्ट अशी की ही आतली चरबी जशी पटकन चढते तशी आधी उतरते. तुम्हाला साडेतीन ते पाच किलो उतरवायचे आहेत. त्याने यकृतातली चरबी बऱ्यापैकी रिती होते. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ साली दाखवले की उंबरठ्यावरच्या भारतीयांत केवळ खाण्या-चालण्यातल्या बदलाने मधुमेहाचा धोका सुमारे २८ टक्के कमी झाला. काट्यावर दर आठवड्याला उभे राहू नका, महिन्यातून एकदा सुतळी घाला.

पोट कमी करण्याची चूर्णे, घाम काढणारे पट्टे यांवर पैसे घालवू नका. भारतात मार्च २०२५ पासून मिळणारे तिर्झेपटाइड आणि त्याच्या जातीची इंजेक्शने काम करतात, पण तुमच्या आकड्यांना त्यांची गरज नाही, आणि सोडल्यावर वजन बहुतेक परत येते.

एक मात्र तपासून घ्याच. पोट ताणलेले, बेंबी बाहेर आलेली, पायाला सूज, डोळे पिवळे, आणि दंड-मांड्या मात्र सुकत चालल्या असतील तर ती चरबी नसते, पाणी असते. पिणाऱ्या माणसाचे यकृत निकामी होत आले की असे पोट दिसते आणि घरचे त्यालाही सुखच म्हणतात. कुशीवर वळवून बोटाने टकटक केले की आवाज बदलतो, पाच मिनिटांत कळते. यातले एकही लक्षण असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

आता मुलगा. तुम्ही लिहिता, त्याचेही पोट सुटू लागले आहे आणि मान काळी पडली आहे, आई रोज साबण लावून घासते. अर्ध्या सुतळीचा नियम त्यालाही लागू आहे, मोजा. त्याला डाएटवर घालू नका, वाढीचे वय आहे. घरात कोल्ड्रिंकची बाटली आणू नका, संध्याकाळी मैदानावर पाठवा. आणि मानेवरची ती मखमलीसारखी जाडसर काळी कातडी काखेतही आहे का बघा. तो मळ नाही, इन्सुलिन वाढल्याची खूण आहे. त्याच्या आईला घासणे थांबवायला सांगा आणि तुमच्या रक्ताबरोबर त्याचीही उपाशीपोटी साखर द्या.